पळसाची तीनशे साठ पानं

१० फेब्रुवारी २०२५

ज्ञानेश्वरचे वडील यांस,

वर नमस्कार लिहिला नाही. कोणता लिहावा ते ठरेना, म्हणून सोडून दिला.

मी सुनंदा. कळवायचं ते एवढंच की येत्या चैत्र अमावास्येला, २७ एप्रिलला रविवारी, तुमचा अंत्यविधी आहे. तुम्हाला माहीत असावा असं मला वाटलं. बाकी कुणाला हे पत्र ठाऊक नाही.

तुम्हाला घरातून जाऊन सोळा वर्षं झाली. धनत्रयोदशीला विहिरीवरच्या मोटारीचं वाइंडिंग करून आणतो म्हणून धरणगावला गेलात. मोटार दुकानातच राहिली, तुमच्या थोरल्या भावाने, रुपचंदभाऊंनी, पुढच्या आठवड्यात जाऊन आणली. बारा वर्षं वाट बघायची असते, त्यानंतर माणूस गेला असं धरून विधी करता येतो, असं गुरुजी म्हणतात. चार वर्षं जास्तच झाली.

आत्ताच का, तर ज्ञानेश्वरचं लग्न ठरलं आहे. मुलगी चाळीसगावकडची. मे महिन्याच्या शेवटी तिथी आहे. मुलीचे वडील सरळ आहेत. त्यांनी विचारलं, "पत्रिकेत नवरदेवाच्या वडिलांच्या नावामागे श्री. छापायचं की कै.?" घरातल्या कुणाला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी रुपचंदभाऊ बोलले की आता काय तो निकाल लागला पाहिजे. तुमच्या आईही मागे लागल्या आहेत. त्यांचं कंबरेचं हाड मोडल्यापासून त्या खाटेवरच असतात. रोज सांगतात, "सपनमा येस. पानी मांगस. मना हात पुरस नही." स्वप्नात येऊन पाणी मागणारा, आणि आपला हात पोचत नाही असा माणूस मेलेलाच असतो, असं त्यांचं मत आहे.

मला मात्र तुम्ही जिवंत असल्याचं माहीत आहे. वना टेम्पोवाल्याने तुम्हाला उधन्याला पाहिलं आणि फक्त मला सांगितलं. २०१४ च्या फेब्रुवारीत मी दोंडाईच्याला मावसबहिणीकडे जाते असं घरी सांगून गाडीत बसले आणि दोंडाईच्याला उतरले नाही. वनाने दिलेल्या पत्त्यासमोर पानाची टपरी होती, तिथे उभी राहिले. तुम्ही बाहेर आलात. बरोबर एक बाई होती, कडेवर तीनचार वर्षांची मुलगी. तुम्ही मला पाहिलं नाही. मी परत आले आणि अंगणवाडीत दुसऱ्या दिवशी मुलांची वजनं घेतली.

तेव्हापासून हे कुणाला सांगितलेलं नाही. वटपौर्णिमा दरवर्षी करते. का, ते विचारू नका.

या, असं मी म्हणत नाही. पण विधीला ज्ञानेश्वर बसणार आहे. तो डोकं भादरणार, अग्नी देणार. ज्याला अग्नी द्यायचा तो माणूस उधन्यात चहा पीत बसलेला असेल तर त्या मुलाच्या हातून काय होतं, मला कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर लिहा. खाली माझा मोबाइल नंबर दिला आहे.

सुनंदा


६ मार्च २०२५

ज्ञानेश्वरचे वडील यांस,

पोचेचं कार्ड परत आलं. त्यावर सही तुमची नाही. ‘लता’ असं लिहिलं आहे, मुलांच्या अक्षरासारखं सुटं सुटं. म्हणजे तिने पत्र घेतलं. तुम्हाला दिलं की नाही, ते मला इथून दिसत नाही. म्हणून हे दुसरं.

महाशिवरात्रीनंतर घरात बैठक झाली. भाऊबंद जमले होते. गुरुजी एरंडोलहून आले. त्यांनी नीट समजावून सांगितलं. ज्याचा देह मिळत नाही, त्याचा देह करायचा. पळसाची तीनशे साठ पानं देठासकट आणायची, त्यांचे हातपाय, छाती, पोट मांडायचं. डोक्याच्या जागी नारळ. वरून सातूचं पीठ लावायचं. मग माणूस गेल्यावर जे करतात ते सगळं त्याचं करायचं. कोणत्या अवयवाला किती पानं ते त्यांच्या वहीत लिहिलेलं आहे. मी विचारलं, "तीनशे साठच का?" ते म्हणाले, "शास्त्रात आहे." बरे गृहस्थ आहेत, माहीत नसलेल्या गोष्टीला उगाच कारण चिकटवत नाहीत.

ज्ञानेश्वर दाराला टेकून ऐकत होता. तो आता सव्वीस वर्षांचा आहे, तुम्हाला ओळखू येणार नाही. वीज खात्यात लाइनमन आहे, खांबावर चढतो. सगळे गेल्यावर स्वयंपाकघरात येऊन बसला.

"आई, ते मेलेत का?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मी तारेला हात लावण्याआधी लाइन चालू आहे की बंद, ते तपासतो. साहेब म्हणाला बंद आहे, तरी तपासतो. मग हे न तपासता कसं करू?"

मी भाकरी उलटली. तो म्हणाला, "तू म्हणत असशील तर करतो."

मी कर म्हणाले. त्याला खोटं सांगितलं, हे तुम्हाला कळवून ठेवते. तुम्ही गेलात तेव्हा तो दहा वर्षांचा होता आणि त्याने मला एकदाही विचारलं नव्हतं, बाबा कुठे आहेत म्हणून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं तर मी हे उत्तर दिलं.

सुनंदा


२४ मार्च २०२५

ज्ञानेश्वरचे वडील यांस,

दुसऱ्या पत्राचीही पोच आली. सही तीच.

पहिल्या पत्रात एक गोष्ट चुकीची लिहिली होती. तुम्ही मला पाहिलं नाही, असं लिहिलं. तुम्ही पाहिलं. टपरीच्या बाजूला मी पदर डोक्यावरून घेऊन उभी होते तरी ओळखलंत. तिच्याशी काहीतरी बोललात आणि रस्ता ओलांडायला निघालात. अर्ध्या रस्त्यात येऊन नावाने हाक मारली. लग्नानंतर बारा वर्षांत तुम्ही मला नावाने हाक मारली नव्हती. मी समोर उभ्या रिक्षात बसले आणि स्टेशन म्हणाले. गाड्यांचा आवाज होता, त्यामुळे दुसऱ्यांदा हाक मारलीत की नाही, ते ऐकू आलं नाही.

गावात मला नवऱ्याने टाकलेली म्हणतात. मी ते ऐकून घेते. त्या दिवशी कोणी कुणाला टाकलं हे गावाला माहीत नाही. तुम्ही काय बोलणार होतात, याचा मी अकरा वर्षं विचार केला. आता करत नाही.

विधीची तयारी चालू आहे. नात्यातल्या इंदिराबाई येऊन गेल्या. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हे त्यांच्याकडे असतं, कारण त्या तरुणपणी विधवा झाल्या. ओशाळून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला हे काम आवडतं असं नाही गं." मी म्हटलं, बघू.

तुम्ही जिवंत असाल, तर एक ओळ लिहा. नुसती सही केलेला कोरा कागद पाठवलात तरी चालेल. मी विधी थांबवीन. लोकांना काय सांगायचं ते माझ्याकडे लागलं. मुलीचे वडील लग्न मोडणार नाहीत, आणि मोडलं तर मोडलं. पण न तपासता मी ज्ञानेश्वरला पुढे लोटणार नाही. हे आज ठरलं.

सुनंदा


५ एप्रिल २०२५

लताबाई यांस,

स. न.

तुमचं पत्र परवा मिळालं. पत्र तुमच्या मुलीने लिहून दिलंय, हे अक्षरावरून समजलं. ते मी इथे पुन्हा उतरवते. का, ते सांगता येत नाही. एकदा हाताने लिहिल्याशिवाय मला ते खरं वाटत नाही.

‘तुमची तिन्ही पत्रं मिळाली. पहिल्या दोन पत्रांना उत्तर द्यायची हिंमत झाली नाही. ते १९ एप्रिल २०२१ ला दवाखान्यात वारले. करोना होता. आम्हाला तोंड दाखवलं नाही. गाडीतून नेलं, कुठे नेलं ते नंतर कळलं. अस्थी मिळाल्या नाहीत, तिथे खूप जण होते. तुम्हाला कळवायला पाहिजे होतं, पण मी कोण म्हणून कळवणार. आमच्याकडे काही विधी झाला नाही. तुम्ही जे करणार आहात ते करा. जमलं तर लांबून बघू द्या.’

पत्र पोस्टमनने अंगणवाडीतच दिलं. मी वाचलं. मुलांचा खाऊ वाटून झाला होता, भांडी घासायची होती. ती घासली. घरी आले. सासूबाईंना कूस बदलून दिली. त्यांनी विचारलं, "काय झायं?" मी म्हटलं, काही नाही.

चार वर्षं झाली म्हणजे. चार वटपौर्णिमा मी मेलेल्या माणसासाठी वडाला दोरा गुंडाळला. त्याआधीच्या सगळ्या, तुमच्याकडे असलेल्या माणसासाठी. तुम्हीही करत असाल तर आपण दोघी दोन गावांत एकाच माणसासाठी फेऱ्या घालत होतो. मला याचं हसू आलं. हसल्यानंतर थोडा वेळ बसून राहावं लागलं.

तुमच्यावर राग आहे का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रात ते दिसतं. होता. २०१४ साली तुम्हाला टपरीवरून पाहिलं तेव्हा तुमच्या साडीचा रंगसुद्धा मला आवडला नव्हता. आता तो राग शोधायला गेले तर जागेवर नाही. त्याबद्दल तुम्ही आभार मानू नका, मी काही केलेलं नाही.

त्यांचं शेवटी काय झालं ते लिहाल का? किती दिवस आजारी होते, काय खात होते, काही बोलले का. इथे त्यांची आई आहे, तिला सांगायला काहीतरी लागेल.

आपली,
सुनंदा


१६ एप्रिल २०२५

लताबाई,

पत्र मिळालं. सहा दिवस, हे कळलं. पाचव्या दिवशी फोनवर ‘मुगाची खिचडी पाठव’ म्हणाले आणि तुम्ही नेलेला डबा वॉचमनने गेटवरून परत दिला, हेही वाचलं. तो डबा तुम्ही नंतर वापरला नाही. मीही वापरला नसता.

ज्ञानेश्वरला रविवारी सगळं सांगितलं. विहिरीपाशी कुणी नव्हतं. तुमचं पत्र त्याच्या हातात दिलं. २०१४ चंही सांगितलं, हाक मारल्याचंसुद्धा. त्याने पत्र दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि मोटारसायकल काढून निघून गेला. तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. जेवला, कामावर गेला, आजीला औषध दिलं, माझ्याशी बोलला नाही. आज चौथ्या दिवशी सकाळी दाढी करताना आरशातूनच म्हणाला,

"म्हणजे लाइन बंद आहे."

"हो."

"तुला माहीत नव्हतं तेव्हा तू मला कर म्हणालीस."

"हो."

"पुन्हा असं करू नको."

नाही करणार, मी म्हटलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "त्यांना येऊ दे. लांबून कशाला, अंगणात येऊ दे." मग विचारलं, "मुलगी किती मोठी आहे?" मी म्हटलं, पंधराव्यात असेल. नाव दिपमाला. त्याने एकदा नाव उच्चारून बघितलं आणि रेझर धुतला.

तर तुम्ही या. शनिवारच्या गाडीने निघालात तर धरणगावला उतरा, वना घ्यायला येईल. तुम्ही कोण, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. उधन्याला ज्यांच्या शेजारी ते राहायचे त्या बाई, त्यांनीच निधनाची खबर दिली, एवढं रुपचंदभाऊंना सांगितलं आहे. खोटं आहे, पण अर्धंच. तुमच्या पत्रामुळे तारीख मिळाली. गुरुजी म्हणाले, मृत्यूची तिथी माहीत असेल तर चांगलंच, पण देह मिळाला नाही म्हणून विधी तोच करावा लागेल.

पळसाला सध्या कोवळी पालवी आहे. ज्ञानेश्वर पद्मालयाच्या जंगलातून पानं आणणार आहे. गुरुजींनी त्याला बजावलं आहे, फाटलेलं एकही चालणार नाही.

सुनंदा


१२ मे २०२५

लता,

तू त्या रविवारी दुपारच्या बसने निघून गेलीस, ते ठीक केलंस. अंगणात तू ओट्याच्या कडेला मान खाली घालून उभी होतीस, शेवटपर्यंत वर बघितलं नाहीस. म्हणून काय काय झालं ते लिहिते. तुझ्या डोळ्यांसमोर झालेलं असलं तरी तुला ते दिसलं नसणार.

गुरुजींनी पाट मांडला, काळ्या मृगाजिनाचा तुकडा पसरला आणि विचारलं, "गृहस्थांची उंची किती होती? पानं त्या मापात मांडावी लागतात."

रुपचंदभाऊ म्हणाले, "माझ्याएवढा होता." सासूबाई खाटेवरून म्हणाल्या की भावापेक्षा उंच, घरात शिरताना वाकायचा. रुपचंदभाऊ म्हणाले, आई, दारच बुटकं होतं. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मला आठवेना. बारा वर्षं संसार केला, त्यांचे कपडे धुतले, आणि माणूस किती उंच होता ते सांगता येईना. मी उभी राहून आठवायचा प्रयत्न केला, ते शेजारी उभे असले की माझी नजर कुठे जायची. ती जमिनीकडेच जायची.

तेवढ्यात तुझी दिपमाला बोलली. "पाच फूट पाच. पप्पा पाच फूट पाच होते. माझ्या शाळेच्या पट्टीने मोजलं होतं."

अंगणात तेवीसचोवीस माणसं होती. ‘पप्पा’ हा शब्द सगळ्यांनी ऐकला. तू पदराने तिचं तोंड झाकायला गेलीस, ते मला दिसलं. रुपचंदभाऊंनी ज्ञानेश्वरला विचारलं, माझ्याशी ते थेट बोलत नाहीत, "तुझ्या आईला विचार, हे आजच काढायचं होतं का?" त्याच्या डोक्यावर नुकताच वस्तरा फिरलेला होता, कानशिलावर एक रक्ताचा थेंब होता.

सासूबाईंनी विचारलं, "पोर कोनी शे?"

शेजारी राहणाऱ्या बाईंची, असं मला सांगता आलं असतं. मी तेच पाठ केलं होतं. पण त्यांच्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाला मला माझ्या भाषेत खोटं बोलता येईना.

मी म्हटलं, "तुमनी नात शे."

मला वाटलं, आता किंचाळतील. त्या खाटेवर हात आपटून म्हणाल्या, "आठे ये. आठे बस." दिपमाला घाबरत घाबरत गेली. त्यांनी तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, भाजी चाचपतात तसा, कान, हनुवटी, कपाळ. काय सापडलं ते बोलल्या नाहीत. तिचा हात मात्र सोडला नाही.

गुरुजी थांबले होते. ते म्हणाले, "पाच फूट पाच. बरं. सुतळी द्या." आपण सगळे त्या माणसाचे आभारी असायला पाहिजे. त्यांनी वर बघितलंच नाही. ज्ञानेश्वरने सुतळी घेतली, एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं दिपमालाकडे केलं. "इकडे ये. हे धर. ताण." तिने आजीच्या हातातून हात सोडवला आणि सुतळी धरली. दोघांनी माप घेतलं. मग ती त्याला एकेक पान देत गेली आणि तो गुरुजी सांगतील तिथे ठेवत गेला. त्याला तासभर लागला. त्या तासात अंगणातून कुणीही उठून गेलं नाही. रुपचंदभाऊसुद्धा.

नारळ ठेवल्यावर मी पहिल्यांदा नीट बघितलं. पानांचा होता, पण पाच फूट पाच होता. इतका काही उंच नव्हता. मला इतकी वर्षं तो फार मोठा वाटत आला होता.

इंदिराबाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना कळेना, कुणाच्या बांगड्या. आधी माझ्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे. तुझे हात मोकळेच होते. तू त्या दवाखान्याच्या गेटवरच काढून ठेवल्यास, हे तुझ्या पत्रात होतं, त्यांना ठाऊक नव्हतं. मी माझ्या स्वतःच काढल्या आणि त्यांच्या ओंजळीत दिल्या. म्हटलं, फोडू नका, तुमच्या नातीला होतील. त्या रडायला लागल्या. माझ्यासाठी नसाव्यात रडत. कुंकवाला मी हात लावू दिला नाही. टिकली लावते. अंगणवाडीतल्या मुलांना तीच सवय आहे.

तू गेल्यावर अग्नी नदीकाठी दिला. बायका जात नाहीत, त्यामुळे मी बघितला नाही. ज्ञानेश्वर सांगत होता, पानं ओली होती, लवकर पेट घेईनात, धूर फार झाला. नारळ फुटल्याचा आवाज आला तेव्हा त्याला एकदम रडू फुटलं. रुपचंदभाऊंनी त्याला धरलं. घरी आल्यावर रुपचंदभाऊंनी त्याच्या अंगावर पाणी स्वतः ओतलं.

मग तीन दिवस सुतक. त्या तीन दिवसांबद्दल तुला सांगायचं आहे, त्यासाठीच हे पत्र.

लोक सांत्वनाला दारावर आले. आजूबाजूच्या गावांतून, बोदवडहून, माझ्या माहेराहून. बायका ओट्यापाशी आल्या की पदर डोळ्यांना लावायच्या, माझ्याजवळ बसायच्या, गळ्यात पडायच्या, दोन वाक्यं बोलायच्या. तीच ती वाक्यं. फार वाईट झालं. देवाच्या मनात होतं. तू मुलाकडे बघ. मी आधी मनातल्या मनात मोजत होते कोण काय म्हणतं. दुसऱ्या दिवशी मोजायचं राहून गेलं. सोळा वर्षं या बायका मला विहिरीवर, बाजारात, लग्नाच्या मांडवात भेटत होत्या आणि माझ्याशी काय बोलावं ते त्यांना कळत नव्हतं. मुलगा कसा आहे, पाऊस झाला का, असं काहीतरी बोलून पुढे जायच्या. मला वाटायचं, त्या मला हलक्यात काढतात. तसं नव्हतं. त्यांच्याकडे शब्दच नव्हते. नवरा मेलेलीला काय म्हणायचं हे ठरलेलं आहे, निघून गेलेल्याच्या बायकोला काय म्हणायचं हे कुणीच ठरवून ठेवलेलं नाही. आता त्यांना बसायला जागा मिळाली. मी रडले का, असं तू विचारशील. रडले. तिसऱ्या दिवशी, एका अगदी दूरच्या नात्यातल्या बाईच्या खांद्यावर. तिचं नावही मला आठवत नव्हतं. त्यानेच सोपं गेलं.

विधीवर माझा विश्वास बसला, असं समजू नको. पळसाच्या पानांनी माणूस कुठे पोचतो, यातलं मला काही कळत नाही. सासूबाईंना स्वप्न पडायचं थांबलं, असंही नाही. परवा पुन्हा पडलं. फक्त आता तो पाणी मागत नाही म्हणतात, नुसता बसतो.

त्यांनीच काल विषय काढला. मी पाय चेपत होते. त्या म्हणाल्या, "तिना दारवर कोन गयं?"

मी म्हटलं, कुणीच नाही. माहेरच्यांनी तिला केव्हाच तोडलंय. तिथे शेजारीपाजारी सगळे आजारी होते, दारं बंद होती. ती पाचव्या दिवशी कारखान्यात कामावर गेली.

"चार वरीस?"

"चार वर्षं."

त्या म्हणाल्या, "मंग आपन जाऊत."

मी त्यांना कंबर दाखवली. त्या म्हणाल्या, वनाचा टेम्पो आहे, गादी टाका. ज्ञानेश्वर म्हणाला, टेम्पोत हाडं खिळखिळी होतील, मी रेल्वेचं बघतो, उचलून घेईन. रुपचंदभाऊ ओट्यावर बसून ऐकत होते. येतो म्हणाले नाहीत. आज सकाळी मात्र एरंडोलला गेले आणि दुखवट्याचं लुगडं घेऊन आले, माझ्यासमोर ठेवलं आणि ज्ञानेश्वरला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, रंग बरा आहे का बघ." हिरवं नाही, राखाडी आहे, बारीक काठाचं. मला बरा वाटला.

तर आम्ही येत्या रविवारी, १८ तारखेला येतो आहोत. मी, ज्ञानेश्वर आणि तुझी सासू. लग्न एकोणतीसला आहे, त्याआधी हे झालं पाहिजे असं ज्ञानेश्वरचं म्हणणं. लग्नाचं आमंत्रण त्या दिवशी देणार नाही, दारावर गेल्यावर देत नाहीत. ते तो नंतर फोन करून देईल, दिपमालाला देईल. त्याला तिच्याशी काहीतरी बोलायचं आहे, काय ते मला सांगत नाही.

त्या दिवशी चूल पेटवू नको. डबा आम्ही आणू. चहा करू नको. आम्ही आलो की उठू नको, या म्हणू नको, जिथे बसली असशील तिथेच बस. हे सगळं तुला माहीत आहे, तू आपल्याकडचीच आहेस. पण दिपमाला उधन्यात वाढली. तिला आधी सांगून ठेव, की आजी आल्या आल्या मोठ्याने रडेल, घाबरायचं नाही. आणि निघताना आम्ही कुणी येतो म्हणणार नाही, तिच्याकडे वळूनही बघणार नाही, सरळ जिना उतरू. तसा रिवाज आहे. त्याचा अर्थ पुन्हा येणार नाही, असा होत नाही.

सुनंदा